पत्ता सांगणाराच फसला तर?

२०२५ च्या दिवाळीत बँकांच्या खातेदारांना एकेक करून निरोप येत होते: आमच्या वेबसाइटचा पत्ता बदलला आहे, यापुढे शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ दिसलं तरच ती आमची समजा. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. बँकेच्या नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे करून हुबेहूब वेबसाइट काढायची आणि लोकांचे पासवर्ड लाटायचे, या धंद्याला चाप बसावा म्हणून ही नवी नावं फक्त बँकांनाच मिळतात. ती देणारी संस्थाही एकच, बँकिंग तंत्रज्ञानावर संशोधन करणारी हैदराबादची आयडीआरबीटी.

पाऊल चांगलंच आहे. पण त्याच दिवाळीत, ऐन पाडव्याला, २२ ऑक्टोबरला आणखी एक बातमी आली. फटाक्यांच्या आवाजात ती आपल्यापैकी फारशी कुणाला ऐकू आली नाही. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या ‘बाइंड’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा दोन त्रुटी सापडल्या होत्या, की त्यांचा कुणी फायदा उठवला तर तुम्ही बँकेचं नाव अगदी बरोबर टाइप करूनही भलत्याच दारात जाऊन उभे राहाल. नाव खरं, पत्ता खोटा.

हे कसं घडतं ते कळायला संगणकाचं शिक्षण लागत नाही. आयुष्यात कधी सरकारी कचेरीशी पत्रव्यवहार केला असेल तर तेवढा अनुभव पुरे.

## नावामागचा नंबर

इंटरनेटवरच्या यंत्रांना नंबर असतात, उदाहरणार्थ २०३.०.११३.२५, आणि ती एकमेकांना याच नंबरांनी ओळखतात. माणसांच्या लक्षात नंबर राहत नाहीत, म्हणून नावं आली. नाव दिलं की नंबर काढून देणारी जगभर पसरलेली व्यवस्था म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस. मोबाइलमध्ये आपण ‘मावशी’ दाबतो आणि फोन तिचा दहा आकडी नंबर फिरवतो, तसंच.

सुरुवातीला ही सगळी यादी एका फाइलमध्ये मावत होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी फाइल आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तिच्या जागी डीएनएसचा आराखडा मांडला. त्यात वाटणी होती: सगळी यादी एकाकडे ठेवायची नाही, ज्याची नावं त्यानं सांभाळायची. बाइंड जन्मलं तेही त्याच दशकात, बर्कलीच्या विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्या हातून. नावातला ‘बी’ बर्कलीचाच. आज ते इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्टियम ही ना-नफा संस्था सांभाळते आणि कुणालाही फुकट देते.

तो आराखडा बनला तेव्हा नेटवर्कवर विद्यापीठं होती, संशोधन संस्था होत्या, थोडं लष्कर होतं. सगळे एकमेकांच्या माहितीतले. ओळखीच्या वाड्यात दुपारी कुणी दाराला कडी लावत नाही. पुढची सगळी कथा त्या न लावलेल्या कडीची आहे.

## अण्णांची वही

ब्राउझरमध्ये नाव टाकलं की तुमचा फोन स्वतः शोधाशोध करत बसत नाही. तो ते काम एका मध्यस्थावर सोपवतो. हा मध्यस्थ बहुतेक वेळा तुमच्या इंटरनेट कंपनीनं चालवलेला असतो आणि त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. आपण त्याला अण्णा म्हणू. चौकशीच्या खिडकीत बसलेले, कामाला वाघ असलेले अण्णा. बाइंड हे अण्णांचं काम करणारं एक सॉफ्टवेअर.

अण्णांना सगळे पत्ते पाठ नसतात, कुणाला विचारायचं ते मात्र पाठ असतं. आधी मंत्रालयाला पत्र. मंत्रालय सांगतं, ‘डॉट इन’चं काम अमक्या जिल्हा कचेरीत चालतं. जिल्हा तालुक्याकडे पाठवतो, तालुका तलाठ्याकडे. तलाठ्याच्या दप्तरात असते ती खरी नोंद. तिथला शब्द शेवटचा. डीएनएसमध्ये मंत्रालयाच्या जागी ‘रूट’ सर्व्हर आहेत. त्यांची नावं १३, ए पासून एम पर्यंत. ती १२ संस्था चालवतात, आणि त्या १३ नावांमागे जगभर विखुरलेली हजाराहून जास्त यंत्रं आहेत. ‘डॉट इन’ची कचेरी आपल्या देशातली, ती निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था सांभाळते. २०१४ मध्ये देवनागरीत सुरू झालेलं ‘डॉट भारत’ही तिच्याकडेच आहे.

एवढी पायपीट दर वेळी परवडणार नाही. म्हणून मिळालेलं उत्तर अण्णा वहीत टिपून ठेवतात, सोबत मुदतही लिहितात: हे तासभर चालेल, हे दिवसभर. पुढच्यानं तोच पत्ता विचारला की वही बघून लगेच सांगून मोकळे. या वहीला कॅशे म्हणतात. इंटरनेट चपळ वाटतं त्याचं बरंचसं श्रेय या वहीला आहे, आणि चोरांचा डोळाही हिच्यावरच. वहीत एक खोटी ओळ घुसवली की त्या खिडकीवर येणारे हजारो लोक मुदत संपेपर्यंत आपापल्या पायांनी चुकीच्या दारी जातात. एकेकाला वेगळं गाठायची गरजच नाही.

## जावक क्रमांक

अण्णा पाकिटं वापरत नाहीत, पोस्टकार्डावर लिहितात. डीएनएसचे बहुतेक प्रश्न आणि उत्तरं खरोखरच अशा पद्धतीनं जातात, की पाठवणाऱ्याचं नाव वाटेत कुणी तपासत नाही. ‘आपला विश्वासू, तलाठी’ असं कार्डाखाली कुणीही लिहू शकतं.

मग खऱ्याखोट्याचा निवाडा कशावरून? सरकारी पत्राच्या माथ्यावर असतो त्या जावक क्रमांकावरून. अण्णा प्रत्येक कार्डावर एक क्रमांक घालतात आणि उत्तरात ‘संदर्भ: आपले पत्र जा. क्र. अमुक’ असं जुळलं तरच ते ग्राह्य धरतात. क्रमांक ० ते ६५,५३५ यांतला कुठलाही. जुळणारं जे उत्तर आधी येईल ते वहीत, नंतरचं केराच्या टोपलीत.

सुरुवातीला हे क्रमांक ओळीनं दिले जात. आज ४१, तर पुढचा ४२. चोराला आणखी काय हवं? शिवाय त्या काळचे अण्णा फार भोळे होते. विचारलेल्या गोष्टीच्या उत्तराखाली कुणी आगाऊपणे ‘आणि हो, त्या दुसऱ्या गावाचाही पत्ता लिहून घ्या’ असं लिहिलं, तर तेही लिहून घेत. जुलै १९९७ मध्ये एका अमेरिकन माणसानं हीच युक्ती वापरून, डोमेन नावांची नोंदणी जिथे होत असे त्या इंटरनिकच्या वेबसाइटकडे निघालेले लोक स्वतःच्या वेबसाइटवर वळवून दाखवले. निषेध म्हणून केलं होतं म्हणे. पुढे अटक झाली.

त्यानंतर क्रमांक विस्कळीत दिले जाऊ लागले, न विचारलेली माहिती नाकारायची असाही नियम झाला. आता चोराचं काम अवघड होतं. अण्णांनी कार्ड टाकल्यापासून खरं उत्तर येईपर्यंतच्या, सेकंदाच्याही काही भागात, नेमक्या क्रमांकाचं खोटं कार्ड पोहोचवायचं. हुकलं तर खरं उत्तर वहीत चढणार आणि मुदत संपेपर्यंत अण्णा त्या विषयावर नवं कार्डच टाकणार नाहीत. दिवसाकाठी एकच डाव मिळणार असेल तर कोण नादी लागेल? दहाएक वर्षं सगळे या हिशेबावर निर्धास्त होते.

## नसलेल्या गटांची चौकशी

हा हिशेब डॅन कॅमिन्स्की या सिअ‍ॅटलच्या सुरक्षा संशोधकांनी २००८ मध्ये मोडला. त्यांची युक्ती ऐकली की ‘हे आपल्याला आधी का सुचलं नाही’ असं वाटतं.

समजा चोराला एका गावाची नोंद बळकवायची आहे. तो गावाचा पत्ता विचारतच नाही. तो अण्णांना विचारतो, ‘त्या गावातला गट नंबर १ कुणाचा?’ असा गटच नाही, त्यामुळे वहीत नोंद असण्याचा प्रश्न नाही आणि अण्णांना नवं कार्ड टाकावंच लागतं. त्या क्षणी चोर अंदाजानं क्रमांक घातलेली शेकडो खोटी कार्डं ओततो. नाही जमलं? मग गट नंबर २. मग ३. एक दिवस थांबायचं कारणच उरलं नाही. डाव हवे तितके. आणि एकदा क्रमांक जुळला की त्या खोट्या कार्डावर मजकूर असतो: ‘या गटाची माहिती माझ्याकडे नाही. परंतु या गावासंबंधीच्या सर्व चौकश्या यापुढे खालील पत्त्यावर कराव्यात.’ पत्ता अर्थात चोराचा. प्रश्न त्याच गावाबद्दलचा असल्यानं अण्णांना ही माहिती आगाऊ वाटत नाही. ते इमानेइतबारे लिहून घेतात आणि अख्खं गाव चोराच्या खिशात जातं.

म्हणजे चूक एकट्या बाइंडची नव्हती. नियमानुसार वागणारा प्रत्येक रिझॉल्व्हर असाच फसणार होता. कॅमिन्स्की यांनी गाजावाजा न करता बाइंडचे जुने जाणते पॉल व्हिक्सी यांना फोन केला. ३१ मार्च २००८ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंड इथे, मायक्रोसॉफ्टच्या आवारात १६ जण जमले. एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी तोंड बंद ठेवून दुरुस्ती तयार केली आणि ८ जुलैला सगळ्यांनी एकाच दिवशी प्रसिद्ध केली. सॉफ्टवेअरच्या अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात, ठिगळ. मराठी शब्द जास्त प्रामाणिक आहे, कारण ते खरंच ठिगळ होतं.

ठिगळ असं: जावक क्रमांक तर आहेच, शिवाय उत्तर कचेरीच्या कितव्या खिडकीवर यायला हवं तेही दर वेळी बदलायचं. तोपर्यंत बहुतेक अण्णा कायम एकाच खिडकीवर उत्तरं घेत. खिडक्याही साठेक हजार असल्यानं चोराला आता ६५,५३६ मधला नव्हे, तर सुमारे ४०० कोटींतला एक आकडा ओळखावा लागणार होता. गंमत म्हणजे ही शक्कल डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये कित्येक वर्षं आधीच घातली होती. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

ठिगळ लावायला महिनाभर तरी मिळावा म्हणून कॅमिन्स्की यांनी तपशील ऑगस्टपर्यंत गुप्त ठेवायचं ठरवलं होतं. ते १३ दिवसांतच फुटले. त्यानंतर आठवड्याभरात टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातला एका मोठ्या टेलिफोन कंपनीचा सर्व्हर खरोखर फसवला गेला आणि त्याच्या भरवशावर असलेल्या एका कंपनीचे कर्मचारी गूगलऐवजी जाहिरातींनी भरलेल्या नकली पानावर जाऊ लागले. त्याच कंपनीत काम करणाऱ्या एका गृहस्थांनी काही दिवसांपूर्वी या हल्ल्याची चाचणी करणारा प्रोग्राम जगाला उपलब्ध करून दिला होता.

## पाडव्याच्या दिवशी काय झालं?

आता २२ ऑक्टोबर २०२५ च्या त्या दोन त्रुटी सहज कळतील.

पहिली आकड्यांची. संगणक फासे टाकत नाही. विस्कळीत दिसणारे आकडे तो एका सूत्रातून काढतो. सूत्र कच्चं असेल तर काही आकडे बघून पुढचे सांगता येतात. मटक्याचा आकडा फुटायच्या आधीच कळावा तसं. बाइंडच्या सूत्रात विशिष्ट परिस्थितीत असा कच्चेपणा होता: पुढचा जावक क्रमांक आणि पुढची खिडकी, दोन्हींचा अंदाज बांधणं शक्य होतं. ४०० कोटींची भिंत होती, पण तिच्यातली वीट हलत होती.

दुसरी भोळेपणाची. उत्तरासोबत आलेली आगाऊ माहिती नाकारण्यात बाइंड पुरेसं कडक नव्हतं. १९९७ ची आठवण होते ना? मलाही तीच झाली.

त्रुटी किती गंभीर याला १० पैकी गुण देण्याची पद्धत आहे, दोन्हींना ८.६ मिळाले. त्याच दिवशी पॅचही आले, आणि जाहीर करताना त्यांचा गैरवापर झाल्याचं कन्सॉर्टियमच्या माहितीत नव्हतं. म्हणजे घबराटीचं कारण नव्हतं. पण पॅच तयार होणं वेगळं आणि जगातल्या प्रत्येक अण्णांपर्यंत तो पोहोचणं वेगळं.

एक गोष्ट इथेच वेगळी काढू. त्याच आठवड्यात, नरकचतुर्दशीच्या दुपारी, स्नॅपचॅट, कॅन्व्हा वगैरे कितीतरी सेवा बंद पडल्या आणि बातम्यांत ‘डीएनएस’ हा शब्द झळकला. तो हल्ला नव्हता. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये पत्त्यांच्या नोंदी आपोआप बदलणाऱ्या दोन यंत्रणा एकमेकींच्या पायात आल्या आणि एका महत्त्वाच्या सेवेच्या नावापुढचा रकाना रिकामा राहिला. दप्तरात नोंदच नाही म्हटल्यावर जाणार कुठे?

## फसवायचं नाही, पाडायचं

काही त्रुटींमध्ये वहीत खाडाखोड होत नाही, अण्णाच आडवे होतात. जुलै २०१५ मध्ये बाइंडमध्ये अशीच एक सापडली. ठरावीक तऱ्हेनं लिहिलेलं एकच पोस्टकार्ड पाठवायचं, की बाइंड बंद. यामागे बाइंडचा एक स्वभाव आहे. ‘हे घडूच शकत नाही’ असं काही आत घडलेलं दिसलं, की चुकीचं काम करत राहण्यापेक्षा ते स्वतःहून थांबतं. हिशेब जुळेना म्हणून कॅशियरनं काउंटर बंद करावा तसं. यात चोर आत शिरत नाही हे बरं, पण रांगेतल्या सगळ्यांचं काम अडतं.

चोर आत शिरण्याचं उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या डीएनएस सर्व्हरचं. चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी ते शोधलं, त्याला ‘सिगरेड’ हे नाव दिलं, आणि १४ जुलै २०२० ला त्याचा पॅच आला. गुण १० पैकी १०. स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसा त्या सॉफ्टवेअरमधला एक मोजणीचा खाना ६५,५३५ नंतर शून्यावर येत होता. चोरानं मुद्दाम त्याहून किंचित जास्त लांबीचं उत्तर बनवलं, तर मोजणी यायची अगदी छोटी. तेवढीच जागा राखली जायची आणि मग मजकूर ओतला जायचा पूर्ण. तांब्याभर पाण्याची जागा आणि ओतली घागर. सांडलेला मजकूर संगणकाच्या स्मृतीत शेजारी जे लिहिलेलं असेल त्यावर चढतो, आणि काय सांडायचं हे चोराच्या हातात असल्यानं तो यंत्राला आपल्या आज्ञा पाळायला लावू शकतो.

ही चूक १७ वर्षं तिथे होती. कंपन्यांमध्ये हा डीएनएस सर्व्हर बहुधा त्याच यंत्रावर चालतो ज्यात सगळ्या कर्मचाऱ्यांची खाती आणि अधिकार असतात. म्हणून अमेरिकी सरकारनं आपल्या खात्यांना दुरुस्तीसाठी २४ तास दिले होते. सरकारी कामाला २४ तास म्हणजे प्रकरण किती तापलं असेल बघा.

## ‘मग उत्तरावर सहीच का घेत नाहीत?’

हा प्रश्न रास्त आहे. क्रमांकाचा अंदाज अवघड करत बसण्यापेक्षा तलाठ्याची सही तपासावी. आपल्याकडे सातबारा उतारा आता डिजिटल सहीचा मिळतो. तो तुम्हाला कुणी आणून दिला याला महत्त्व उरत नाही; सही खरी तर उतारा खरा. डीएनएसमध्ये हीच सोय डीएनएस-सेक या नावानं आहे. त्यात तलाठ्याच्या सहीची खातरी तालुका देतो, तालुक्याची जिल्हा, आणि सगळ्यांच्या वर रूटची सही. रूटवर ती १५ जुलै २०१० ला चढली. त्या सहीची किल्ली वापरण्याचा विधी अमेरिकेत दोन ठिकाणी, साक्षीदारांसमोर, कॅमेऱ्यांपुढे पार पडतो. मोडतोड झालीच तर ती पुन्हा उभी करण्यासाठी जगातल्या सात जणांकडे एकेक तुकडा दिलेला असतो. कॅमिन्स्की त्या सातांपैकी एक होते. २०२१ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी ते गेले.

तरीही असंख्य नावं आजही सहीविना आहेत, आणि त्यामागे निव्वळ आळस नाही. सही चुकली तर खरा उताराही खोटा ठरतो. ३० सप्टेंबर २०२१ ला स्लॅक या कंपनीनं आपल्या नावावर डीएनएस-सेक सुरू करायला घेतलं, काहीतरी बिनसलं, ते मागे घेतलं, तर अण्णा लोकांच्या वहीत ‘यांची सही असलीच पाहिजे’ ही ओळ उरली. परिणामी काही ग्राहकांना जवळजवळ दिवसभर स्लॅक उघडेना. सुरक्षेसाठी कुलूप लावायला गेले आणि घरातलेच बाहेर अडकले. हे पाहिल्यावर दुसऱ्या कंपनीचा सिस्टिमवाला साहेबांकडे ‘आपणही करू या’ म्हणत जाईल का?

आणि सही तपासणारं सॉफ्टवेअर हेही सॉफ्टवेअरच. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या अथेने या संशोधन केंद्रानं ‘कीट्रॅप’ जाहीर केलं. सहीशी कुठली किल्ली लावून पाहायची हे कळावं म्हणून किल्ल्यांना क्रमांकाचे बिल्ले असतात. एकाच क्रमांकाच्या दोन किल्ल्या निघाल्या तर? नियम म्हणतो, दोन्ही लावून बघा. चोरानं मुद्दाम एकाच क्रमांकाच्या शेकडो किल्ल्यांचा जुडगा आणि शेकडो सह्या पाठवल्या, की बिचारे अण्णा प्रत्येक किल्ली प्रत्येक सहीला लावत बसतात. एका कार्डानं बाइंड १६ तासांपर्यंत अडकवता आलं. या घोळाचं मूळ होतं १९९९ च्या नियमात, आणि सगळी महत्त्वाची रिझॉल्व्हर सॉफ्टवेअरं त्यात सापडली, कारण सगळी तोच नियम पाळत होती.

माझं मत विचाराल तर सही हवीच. निदान ज्यांच्या दारात लोकांचा पैसा आहे त्यांनी तरी करावी. पण ‘सही आली म्हणजे प्रश्न मिटला’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

## ‘ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं ना?’

दिसतं, आणि त्याचा मोठा आधार आहे. खोट्या पत्त्यावर पोहोचलात तरी तिथल्या चोराकडे बँकेच्या नावाचं प्रमाणपत्र नसतं, ब्राउझर मोठा लाल इशारा देतो. म्हणूनच २००८ नंतर बँकांच्या बाबतीत आभाळ कोसळलं नाही. इशाऱ्यावर ‘तरीही पुढे जा’ दाबायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की बराचसा धोका टळतो.

पण खाचही आहे. ते प्रमाणपत्र देणारी संस्था ‘हे नाव तुमचंच ना?’ हे तपासते कसं? बऱ्याचदा त्या नावाच्या पत्त्यावर जाऊन. म्हणजे ती अण्णांनाच विचारते! तिचे अण्णा फसले तर चोराला खरंखुरं प्रमाणपत्र मिळू शकतं. म्हणून लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था २०२० पासून हीच तपासणी एकाच वेळी इंटरनेटच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून करते. एका गावच्या अण्णांना फसवणं जमेल, चार गावच्या अण्णांना एकदम नाही. शिवाय इंटरनेट म्हणजे फक्त ब्राउझर नव्हे. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे ईमेल जाते तेव्हाही पत्ता अण्णाच सांगतात, आणि तिथलं कुलूप पुष्कळदा नावापुरतंच असतं.

## ‘चाळीस वर्षांत एक सॉफ्टवेअर नीट लिहिता येत नाही?’

माझ्या एका मित्राचा हा लाडका प्रश्न आहे. त्याला मी विचारतो, चाळीस वर्षांत तुमच्या बिल्डिंगची गळती थांबली का? गच्चीवर नवा थर चढतो, तोवर पाइप कुजतो.

डीएनएसमध्ये नवं घालता येतं, जुनं काढता येत नाही, कारण कुठल्यातरी कोपऱ्यात पंधरा वर्षांपूर्वीचं यंत्र अजून जुन्या पद्धतीनं विचारत असतं. वरून हे सॉफ्टवेअर मुख्यतः सी या भाषेत लिहिलेलं आहे. ती वेगवान खरी, पण ‘तांब्याच्या जागेत घागर ओतू नका’ असं बजावत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की या खिडकीला अनोळखी माणसाचं कार्ड घ्यावंच लागतं. चौकशीची खिडकी बंद ठेवून कसं चालेल?

त्रुटी सापडतात ही वाईट बातमी नाही. वर्षानुवर्षं सापडल्याच नाहीत तर मला जास्त काळजी वाटेल. खरी ढिलाई पॅच लावण्यात होते. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावता’ हे वाक्य किती सर्व्हरखोल्यांत ऐकू येतं, ते तिथे काम करणाऱ्यांना विचारा.

## ‘हे सगळं ठीक, पण मी घरी काय करू?’

रिझॉल्व्हर बदलता येतो. गूगलचा ८.८.८.८ हा २००९ पासून आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा २०१८ पासून सर्वांसाठी खुला आहे. दोन्ही रिझॉल्व्हर उत्तरांवरच्या सह्या तपासतात आणि पॅच लावण्यात मागे राहत नाहीत. पण तुम्ही दिवसभरात कुठकुठे गेलात हे त्या अण्णांना कळतं, हे समजूनच बदला. इंटरनेट कंपनीच्या अण्णांनाही ते कळतच होतं म्हणा.

एक छोटे अण्णा मात्र तुमच्याच घरात असतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं: वायफायचा राउटर. पुष्कळ राउटरांमध्ये डीएनएसमास्क नावाचं छोटं सॉफ्टवेअर हीच वही सांभाळतं. जानेवारी २०२१ मध्ये त्यात एकदम सात त्रुटी जाहीर झाल्या, काही वही बिघडवणाऱ्या, काही सांडासांडीच्या. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर पॅच लावायला पगारी माणसं असतात. आमच्या घरातला राउटर केबलवाल्या पोरानं टीव्हीच्या मागे चिकटवला त्या दिवसापासून त्याला धूळ पुसण्यापलीकडे कुणी हात लावला नव्हता. पासवर्डही त्यानंच ठेवलेला.

राउटर उलटा केला की खालच्या स्टिकरवर मॉडेलचं नाव असतं आणि बहुधा सेटिंगच्या पानाचा पत्ताही. त्या पानावर ‘फर्मवेअर अपडेट’ शोधा. नवीन असेल तर चढवा आणि आपोआप अपडेट होण्याची सोय असेल तर सुरू करा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. त्याच पानावर डीएनएसचा रकानाही दिसेल. तिथे तुम्ही न भरलेला, इंटरनेट कंपनीनंही न दिलेला नंबर आढळला, तर आधी कंपनीला फोन करा. आणि कंपनीनं त्या मॉडेलचे अपडेट देणंच कधीच बंद केलेलं असेल, आमचं तसंच निघालं, तर नवा राउटर घ्या. आम्हाला साधारण दीड हजार रुपये पडले.